फोल्डस्कोप आणि दहा एक्सचं भिंग: पोरांसोबत जून ते फेब्रुवारी वापरल्यावर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रविवारी सकाळी दुसरी ते चौथीची पोरं क्लबहाऊसमध्ये जमतात आणि आम्ही पानं, किडे, डबक्यातलं पाणी असलं सगळं हातात घेऊन बघत बसतो. त्यासाठी मायक्रोस्कोप कुठला घ्यायचा हे इतक्या आईबाबांनी विचारलंय की एकदाच नीट लिहिते. आधी निकाल सांगते: मूल दुसरी-तिसरीत असेल तर आधी भिंग घ्या, सोनार डोळ्याला लावतात ते दहा एक्सचं, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं. चौथीत असेल तर फोल्डस्कोप. दोन्ही घेता आले तर उत्तमच, पण क्रम हाच ठेवा.

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदी मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला, 2014 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले, हे पोरांना जरूर सांगा, डोळे चमकतात त्यांचे. आत काचेचा इवलासा मणी असतो, तोच लेन्स. 140 पट मोठं दिसतं आणि साधारण 2 मायक्रॉनपर्यंतचं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक काम कळतं. डेल्फ्टचा कापड व्यापारी लेव्हेनहूक 1670च्या दशकात अशाच एका छोट्या लेन्समधून पाण्यातले जीव बघत होता, म्हणजे पोरं जे करतायत ते अगदी खरंखुरं विज्ञान आहे.

यावर सगळ्यात भारी काय दिसतं तर रोहिओचं पान, वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं ते, निम्म्या पुण्याच्या बाल्कनीत असेल. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पारदर्शक पापुद्रा सुटतो, तो पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप, म्हणजे काचेची पातळ चकती, बास, रंग घालायची गरजच नाही. जांभळ्या पेशी आणि मधेमधे हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या, त्यांच्यामध्ये फट, तेच पर्णरंध्र. तिसरीतली एक मुलगी ओरडली, "काकू, पानाला ओठ आहेत!" झाड श्वास घेतं हे वाक्य त्यांनी कितीदा पाठ केलं असेल, त्या दिवशी ते कुठून घेतं ते बघितलं. लाल कांद्याचा जांभळट पापुद्राही असाच बिनरंगाचा छान दिसतो, पांढऱ्या कांद्याला मात्र आयोडीनचा थेंब लागतो. जास्वंदीचे परागकण तर काटेरी गोळेच, आणि इतके मोठे की नुसत्या डोळ्यांनाही पिवळे ठिपके दिसतात.

पाण्यातले जीव बघायचे तर वेताळ टेकडीवरचं वाळलेलं गवत बरणीत पाणी घालून काही दिवस ठेवायचं, मग वरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव असला तर इतका पळतो की पोरं वैतागतात, तेव्हा थेंबात कापसाचे दोन-चार धागे टाका, अडतो बिचारा आणि निवांत बघता येतो.

आता जे दिसत नाही ते. दह्यातले बॅक्टेरिया. पुष्कळ जण पोरांना आशा लावतात, पण त्यांची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी, 140 पटीत फार तर ठिपके दिसतील, ते जंतू की फॅटचे कण हे पोराला कळणार कसं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि फोकस अंगठ्यांनी कागद सरकवून करायचा असतो, दुसरीतल्या बोटांना ते अजून जमत नाही, ती पोरं रडवेली होतात, म्हणून त्यांना भिंगच.

भिंगाची एकच गोष्ट शिकवावी लागते. सगळी पोरं ते हात लांब करून धरतात. डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरायचं आणि वस्तू अडीच सेंटिमीटरपर्यंत जवळ आणायची, एकदा हे जमलं की मग थांबवता थांबत नाहीत. वाल भिजत घातले होते तेव्हा एक वाल सोलून दोन डाळी वेगळ्या केल्या, आत चिमुकलं मूळ आणि घडी घातलेली पानं! डाळिंब्यांची उसळ रोज खाणाऱ्या पोरांनी ते कधी बघितलंच नव्हतं.

पण खरा सीझन पावसाळ्यात कढीपत्त्यावर असतो. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी-लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, त्याला वासही येतो. असं का करत असेल यावर पोरं इतकी भांडली, मी गप्प बसले, आणि "पक्ष्याला घाबरवायला" हे उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं. कुंडीखालच्या ताटलीतल्या डासांच्या अळ्याही बघितल्या, पाण्याला समांतर पडून राहतात त्या ॲनॉफिलिसच्या, डोकं खाली करून तिरक्या लटकतात त्या एडिस किंवा क्युलेक्सच्या. जाळी घट्ट बांधलेली बरणी हवी आणि बघून झालं की पाणी कोरड्या मातीत ओतायचं, यात हयगय नको. नंतर पोरं घरोघरी ताटल्या उपड्या करत फिरली.

ऑनलाइन मिळणारा "1200 एक्स" वाला प्लॅस्टिकचा मायक्रोस्कोपही आमच्याकडे आला होता, नाव घेत नाही. जास्तीत जास्त पटीच्या लेन्सवर नुसता मोठा धूसर डाग दिसतो, कारण उजेडही पुरत नाही आणि लेन्सला तेवढं बारीक काम दाखवताही येत नाही. आकड्याला भुलू नका.

फोल्डस्कोप चुंबकाने फोनला लावता येतो, सगळ्यांना एकदम दाखवायला सोय आहे, पण आमच्याकडे नियम असा की आधी डोळ्याने बघायचं, वहीत चित्र काढायचं, मग फोन. स्क्रीन आली की पोरं विचारणं सोडून फोटो काढायला लागतात, आणि चित्र काढताना मात्र "काकू, हिच्या पानात गोल आहे, माझ्यात लांबट का?" असे प्रश्न येतात, त्या प्रश्नांसाठीच तर हा सगळा खटाटोप.

सूर्याकडे धरून कधीही बघू देऊ नका, खिडकीचा उजेड किंवा ट्यूबलाइट पुरे. काचेच्या कव्हरस्लिप मोठ्यांनीच हाताळायच्या. ग्रुपसाठी घेत असाल तर भिंग प्रत्येकाला एक आणि फोल्डस्कोप दोघा-तिघांत एक, स्लाइड्स मात्र भरपूर आणा, त्या फुटतातच.