बेल्ट चांगला, पण दोष नेहमी बेल्टचाच नसतो: उभयचर वाहनाच्या ड्राइव्ह बेल्टविषयी अभिप्राय

माझ्या सहाचाकी उभयचर वाहनाचा मूळ ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा पट्टा) गेल्या हंगामात घसरू लागला, म्हणून दुसऱ्या एका कंपनीचा ॲरॅमिड या मजबूत कृत्रिम धाग्यांचा बेल्ट मागवला. वीसेक तास वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. बेल्ट घेण्याजोगा आहे. मात्र तो बसवल्यानंतरही पहिल्या दिवशी घसरण जवळजवळ तशीच होती, आणि त्याच दिवशी रागाच्या भरात मी तो परत पाठवला असता, तर चांगल्या मालाला विनाकारण नावे ठेवल्यासारखे झाले असते.

लक्षणे नेहमीचीच होती. पाण्यातून काठावर चढताना इंजिनाचा आवाज एकदम चढे, चाके मात्र रेंगाळत आणि आसनामागून जळक्या रबराचा वास येई. या वाहनात इंजिनाकडची दोन तबकड्यांची पुली फेऱ्या वाढल्या की आतील वजनांच्या जोरावर मिटत जाते आणि बेल्टला चिमटीत धरते. गिअरबॉक्सकडच्या पुलीत हेच काम स्प्रिंग आणि तिरकस कॅम (उतरत्या कडेचा भाग) करतात. सारी ताकद बेल्टच्या दोन तिरप्या कडांमधूनच जाते, त्यामुळे त्या कडांवर थोडे पाणी किंवा ग्रीस आले, तरी पकड सुटते.

बेल्टवरचे झाकण उघडले तेव्हा तळाशी काळ्या भुकटीचा आणि पाण्याचा लगदा साचलेला होता. जुन्या बेल्टच्या कडांना काचेसारखी झिलई आली होती आणि एका जागी तो कंबर आवळल्यासारखा बारीक झाला होता. हा डाग माझ्याच हातचा आहे: चाके चिखलात रुतलेली असताना मी ॲक्सिलरेटर दाबून धरला, बेल्ट जागच्या जागी राहिला आणि इंजिनाकडची पुली फिरत राहून त्याची एकच जागा जाळत गेली. व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) मोजल्यावर तो नव्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर अरुंद भरला. इतका झिजलेला बेल्ट पुलीत खोल बसतो आणि त्याला हवा तेवढा दाब मिळत नाही, तेव्हा बदलण्याला पर्याय नव्हताच.

नवा बेल्ट रुंदीला आणि लांबीला मूळ बेल्टशी तंतोतंत जुळला, ही त्याची पहिली जमेची बाजू. सोबतचे माहितीपत्रक मात्र अगदीच त्रोटक आहे. बाणाची दिशा सोडल्यास त्यात काही नाही. नव्या बेल्टवर साच्यातून आलेला तेलकट थर असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन बेल्ट पूर्ण वाळवावा लागतो, पुलीचे पृष्ठभाग अल्कोहोलने पुसावे लागतात आणि पहिले काही तास ओझे न लादता, वेग कमी-अधिक करत चालवावे लागते, हे नवख्या ग्राहकाला कोण सांगणार? घसरण थांबवण्याच्या नावाखाली विकला जाणारा चिकट फवारा अशा बेल्टवर कधीही मारू नये, हेही तिथे एका ओळीत छापता आले असते.

हे सारे केले तरी वाहन वळवताना बेल्ट घसरतच होता, सरळ जाताना नाही. या फरकानेच मला खऱ्या कारणापर्यंत नेले. अशा वाहनाला पुढची चाके वळवण्याची सोय नसते. एका बाजूच्या चाकांना ब्रेक लावून दुसरी बाजू पुढे रेटली जाते, त्यामुळे वळणावर बेल्टवर मोठा भार येतो. वाहन जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून चाके हाताने फिरवली, तेव्हा डावी बाजू स्पष्टपणे जड लागली: लिव्हर सोडल्यावरही तिकडचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. त्यातच त्याच बाजूचे मधले टायर इतर दोहोंपेक्षा कमी हवेचे निघाले. एका बाजूची तिन्ही चाके चेनने जोडलेली असल्याने त्यांना एकाच गतीने फिरावे लागते, आणि घेर वेगळा असेल तर ती एकमेकांशीच झुंजत राहतात. झाकणाचे दबलेले गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) बदलले, ब्रेक मोकळा केला, हवा सारखी केली, चेनचा ताण पाहिला. त्यानंतर घसरण थांबली.

आता बेल्टबद्दल. काठावरच्या चढणीला, लो गिअरमध्ये आणि दोन माणसांसह, तो एकदाही घसरलेला नाही, आणि वीस तासांत व्हर्नियरवर जाणवेल अशी झीज नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभर चिवचिवतो, त्याचे मला काही वाटत नाही. पहिले तीन-चार तास मात्र इंजिन मंद चालू असतानाही वाहन किंचित पुढे सरकू पाहत होते आणि गिअर टाकताना घरघर होई, कारण ताठ नवा बेल्ट पुलीला घासत होता. रुळल्यावर हे आपोआप गेले. ज्यांचे जात नसेल त्यांनी दोन पुल्यांमधले अंतर आणि इंजिनाची आयडल गती (मोकळे चालतानाची गती) तपासावी.

दुसरा नग सुटा म्हणून मागवला आहे. आला तेव्हा तो पिळून, आवळून छोट्या खोक्यात कोंबलेला होता, आणि एवढ्या कामाच्या वस्तूची अशी बांधणी मला मुळीच पटली नाही. आवळून दुमडल्याने आतले धागे दुखावतात. मी तो आसनाखाली, मोठ्या सैल वळशात, कोरड्या पिशवीत ठेवला आहे.