धुराची वेगळी खोली, अंगणातली सोय की संपूर्ण धूरमुक्त जागा? बेळगाव सीमाभागातील बार-रेस्टॉरंट मालकांसाठी तुलनात्मक आढावा

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाळीस आसनांचे बार अँड रेस्टॉरंट चालवणाऱ्या एका परिचितांनी जागेचे नूतनीकरण काढले, तेव्हा त्यांनी मला विचारलेला प्रश्न निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव शहरातील बहुतेक मालकांना आज ना उद्या सोडवावाच लागणार आहे. सिगारेट ओढणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळी खोली बांधावी, मागच्या अंगणात किंवा गच्चीवर त्याची सोय करावी, की संपूर्ण जागाच धूरमुक्त करावी? या तीन पर्यायांची कायदा, खर्च, गिऱ्हाईक आणि कामगार या चार बाजूंनी तुलना करण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकलेले आहे, हे आधीच सांगतो. मात्र पहिल्या दोन पर्यायांची बाजूही तितक्याच गांभीर्याने तपासली पाहिजे, कारण अनेक प्रामाणिक मालक त्यांचाच विचार करत असतात.

बार आणि रेस्टॉरंटमध्ये धूम्रपानबंदी असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे अजूनही ऐकू येतो, परंतु कायद्यापुरता तो केव्हाच निकाली निघाला आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदेशीर ठरवले, मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी तसेच आदेश दिले, आणि तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या, म्हणजे ज्याला सर्वजण ‘कोटपा’ म्हणतात त्याच्या, चौथ्या कलमाने ही बंदी पक्की केली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत पब आणि बार यांचा नावानिशी उल्लेख आहे. खरा वाद उरला आहे तो एका अपवादाचा: तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवता येते. ज्यांच्याकडे तीसपेक्षा कमी आसने आहेत, त्यांना निवड करण्यासारखे काही नाही. त्यांनी जागा धूरमुक्त ठेवायची, इतकेच.

कर्नाटकात या कायद्याला अलीकडे अधिक धार आली आहे. विधिमंडळाने २०२४ साली मंजूर केलेली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०२५ साली अमलात आलेली राज्य दुरुस्ती सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्याचा दंड २०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत नेते, तंबाखूजन्य वस्तूंच्या विक्रीसाठी किमान वय १८ वरून २१ करते, आणि हुक्का बार चालवणाऱ्यास एक ते तीन वर्षांचा कारावास व ५० हजार ते एक लाख रुपये दंड सांगते. म्हणजे हुक्क्याचा विचार कोणी मनात आणलाच असेल, तर तो तिथेच थांबवावा. मालकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची तरतूद २००८ च्या नियमांत आहे, ती अशी की, तक्रार येऊनही मालकाने किंवा व्यवस्थापकाने काही केले नाही, तर जितक्या व्यक्तींनी गुन्हा केला तितक्या गुन्ह्यांइतका दंड त्याच्यावर बसू शकतो. शनिवारी रात्री दहा गिऱ्हाइके सिगारेट पेटवून बसलेली असतील, तर जुन्या दराने जो हिशेब २,००० रुपयांवर थांबत असे, तो आता १०,००० पर्यंत जाऊ शकतो.

आता पहिला पर्याय, म्हणजे वेगळी खोली. बोलताना हा सर्वांत समंजस तोडगा वाटतो, कारण ओढणाऱ्यालाही दुखवायचे नाही आणि न ओढणाऱ्यालाही त्रास द्यायचा नाही, असा त्यात भाव आहे. परंतु नियमांना अपेक्षित असलेली खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा किंवा काचेचे अर्धे विभाजन नव्हे. तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारा आणि एरवी बंदच राहणारा दरवाजा हवा, आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा हवी आणि आतला दाब बाहेरच्या दालनापेक्षा कमी राहायला हवा, जेणेकरून दरवाजा उघडला तरी हवा आत ओढली जाईल, धूर बाहेर येणार नाही. ही खोली प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असता कामा नये, आणि तिच्यावर इंग्रजीत व एका भारतीय भाषेत तशी पाटी हवी.

या साऱ्याहून निर्णायक अट मात्र पुढेच आहे, आणि मी ज्या मालकांशी बोललो त्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. ती खोली केवळ धूम्रपानासाठी वापरायची असते; तिथे दुसरी कोणतीही सेवा देता येत नाही. म्हणजे तिथे टेबल मांडून पेग द्यायचा नाही, चकण्याची बशी न्यायची नाही, ऑर्डर घ्यायची नाही. गिऱ्हाइकाने आपला ग्लास बाहेर ठेवून उठायचे, आत जाऊन सिगारेट ओढायची आणि परत यायचे. मालकाच्या मनातली ‘स्मोकिंग रूम’ ही सहसा याच्या अगदी उलट असते. तिथे सोफा असतो, टीव्ही असतो, आणि वेटर आतबाहेर करत असतो. तशी खोली म्हणजे कायद्याने दिलेली सवलत नसून, भिंती घालून केलेले उल्लंघन आहे.

ही अट लक्षात घेतली की खर्चाचा हिशेब पार बदलतो. दहा फूट बाय दहा फुटांची खोली साधारणपणे चार-चार आसनांची दोन टेबले खाते. ती दोन टेबले आठवड्याचे सातही दिवस उत्पन्नातून बाद होतात, कारण तिथे काही विकताच येत नाही. भिंती, दरवाजा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा यांचा खर्च एकदाच होतो, पण वातानुकूलित दालन असल्यास तो पंखा थंड केलेली हवाच सतत बाहेर फेकत राहतो आणि विजेचे बिल दर महिन्याला वाढते. शिवाय केंद्र सरकारने २०२० च्या दुरुस्ती विधेयकाचा जो मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता, त्यात हा अपवादच काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. ते विधेयक पुढे गेले नाही, तरी वाऱ्याची दिशा त्यावरून कळते. ज्या सवलतीवर टांगती तलवार आहे, तिच्यासाठी कर्ज काढून बांधकाम करावे, असे मला वाटत नाही. तीसपेक्षा अधिक खोल्यांचे मोठे हॉटेल असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना धूम्रपानाच्या निवासी खोल्या एका मजल्यावर किंवा एका भागात एकत्र ठेवता येतात, आणि तिथे मुक्कामी गिऱ्हाइकाची गरजही खरी असते.

दुसरा पर्याय अंगणाचा किंवा गच्चीचा. कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, हे ऐकून अनेकांनी मागच्या बाजूला पत्र्याचे शेड टाकून, कुंड्या मांडून ‘गार्डन’ सुरू केले आहे. परंतु २००८ च्या नियमांत रेस्टॉरंटची व्याख्या करताना त्या आवाराभोवतालची मोकळी जागाही रेस्टॉरंटमध्येच धरली आहे, त्यामुळे जिथे आपण खाणे-पिणे देतो ते अंगण मोकळे असले तरी सुटत नाही. शिवाय आपल्याकडचा पावसाळा कोणाला सांगायला हवा? जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर भागात पाऊस असा कोसळतो की अंगणातली माणसे आत येतात, खिडक्या लावल्या जातात आणि अंगणातला धूरही त्यांच्याबरोबर आत येतो. बेळगाव शहरातील अनेक जागांत खाली बार आणि वर फॅमिली सेक्शन अशी मांडणी असते. जिन्याने धूर वर चढतो आणि रविवारी मटण थाळीसाठी लेकराबाळांसह आलेले कुटुंब पुढच्या रविवारी दुसरीकडे जाते. असे गिऱ्हाईक भांडत नाही, फक्त परत येत नाही, म्हणून त्याचे नुकसान गल्ल्यावर बसून दिसत नाही.

तिसऱ्या पर्यायाविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप गिऱ्हाईक तुटण्याचा आहे, आणि सीमाभागात त्याला एक खास रूप येते: ‘इथे अडवले तर माणसे महाराष्ट्रात शिनोळीला जातील, नाहीतर कोगनोळी ओलांडून कागलला.’ ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. दारूच्या दरातील फरकामुळे माणसे सीमा ओलांडतात हे आपण पाहतोच. परंतु सिगारेटच्या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्रात दंडाची रक्कम कमी आहे, बंदी मात्र तीच आहे. महाराष्ट्रानेही हुक्का पार्लरवर २०१८ साली बंदी घातली, आणि तिच्यामागे मुंबईतील कमला मिल आवारात डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या, १४ जणांचा बळी घेणाऱ्या आगीची पार्श्वभूमी होती.

बाहेरच्या देशांचा अनुभवही या भीतीला दुजोरा देत नाही. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबसह सर्व बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, तेव्हा तिथल्या पबमालकांनीही धंदा बुडण्याची हीच भाकिते केली होती. इंग्लंडने १ जुलै २००७ पासून तेच केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली अशा धोरणांचा आढावा घेऊन, धूरमुक्त धोरणांमुळे रेस्टॉरंट आणि बार यांच्या व्यवसायात घट होत नाही, असा निष्कर्ष काढला. आपला बार म्हणजे डब्लिनचा पब नव्हे, हे मान्य. आपल्याकडे दिवसभराचे काम संपवून एकटाच येणारा, क्वार्टर आणि दोन सिगारेटींवर तासभर बसणारा माणूस असतो, आणि त्याचा तो एक तास काढून घेताना मलाही वाईट वाटते. पण त्याचा तास काढून घेतला जात नाही. सिगारेटपुरते त्याला आवाराबाहेर जाऊन यावे लागते, आणि तो तसा जातो.

‘ज्याला धूर नको त्याने बारमध्ये येऊ नये’ हे विधान गिऱ्हाइकाच्या बाबतीत काही अंशी खरे मानता येईल, परंतु वेटरच्या बाबतीत ते अजिबात टिकत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिन्ही पर्यायांचा फैसला इथेच होतो. खानापूरच्या किंवा चंदगडच्या एखाद्या गावातून आलेला मुलगा सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत त्या दालनात असतो. गिऱ्हाईक दोन तास बसून उठते, हा मुलगा रोज दहा-बारा तास तीच हवा घेतो, आणि रात्री पुष्कळदा त्याच दालनात अंथरूण घालून झोपतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालानुसार घरी किंवा कामाच्या जागी इतरांच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. धुराची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, आणि खिडक्या उघडून, पंखे लावून किंवा हवा शुद्ध करणारी यंत्रे बसवून तो पूर्णपणे घालवता येत नाही. भारतात २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सहन करावा लागत असल्याचे आढळले. पहिल्या पर्यायातील खोली नियमाप्रमाणे चालवली तरी तिथली थोटके उचलायला आणि फरशी पुसायला कोण जाणार? तोच मुलगा.

सीमाभागात हा विषय निघाला की निपाणीचे नाव निघते, आणि ते निघायलाही हवे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार आपल्या भागाने विसरलेला नाही, आणि वखारींत जर्द्याच्या खकाण्यात आयुष्य काढणाऱ्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांवर निपाणीची बाजारपेठ उभी राहिली, हेही आपण जाणतो. ‘बारमधली बंदी म्हणजे आपल्याच शेतकऱ्याच्या पोटावर पाय’ असे म्हणणाऱ्यांच्या मनातली कळकळ खरी आहे, पण त्यांचा हिशेब चुकतो. निपाणीचा तंबाखू प्रामुख्याने विडीचा आहे, तर बारमध्ये ओढली जाते ती सिगारेट, आणि तिच्यासाठी लागणारा व्हर्जिनिया तंबाखू कर्नाटकात मुख्यतः म्हैसूरकडे, हुणसूर-पिरियापट्टण भागात पिकतो. बेळगावच्या बारमध्ये सिगारेट बंद झाल्याने निपाणीच्या शेतातले एक पानही कमी विकले जाईल, असे मला वाटत नाही. विडीच्या तंबाखूचे भवितव्य हा मोठा आणि वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पर्यायी पिकांत आणि भावात शोधावे लागेल, वेटरच्या फुप्फुसात नव्हे.

माझ्या परिचितांनी शेवटी खोलीचा आराखडा बाजूला ठेवला. त्यांच्यासारखाच निर्णय घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी टेबलांवरचे ॲशट्रे उचलावेत, कारण जिथे धूम्रपानास मनाई आहे तिथे ॲशट्रे, काडेपेटी किंवा लायटर देणे हाच नियमभंग आहे, आणि समोर ॲशट्रे ठेवून ‘ओढू नका’ म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. प्रवेशद्वाराशी आणि आत ६० बाय ३० सेंटिमीटरची मनाईची पाटी लावावी. तिच्यावर कन्नड असेलच. खाली ठळक अक्षरांत ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ ही मराठी ओळही घालावी, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांना ती आपल्या भाषेत वाचायची सवय आहे. तक्रार कोणाकडे करायची ते नाव लावणेही नियमाने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तिथे एखाद्या वेटरचे नाव टाकले जाते, आणि मग गावच्या पाटलाला किंवा पुढाऱ्याला सिगारेट विझवायला सांगण्याची वेळ वीस-बावीस वर्षांच्या मुलावर येते, जे त्याला कधीच जमणार नाही. त्या पाटीवर मालकाने स्वतःचे नाव लिहावे, आणि वेळ आली की गल्ल्यावरून उठून त्या टेबलापर्यंत स्वतः चालत जावे.