सुतारकामाची हातहत्यारे : लक्ष्मीपुरी, ऑनलाइन आणि जुना बाजार, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी घरच्या सुतारकामासाठी हातहत्यारे नव्याने जमवायला घेतली. काही कोल्हापुरातील लक्ष्मीपुरीच्या हार्डवेअरच्या दुकानांतून घेतली, काही ऑनलाइन मागवली आणि दोन-तीन जुन्या बाजारातून उचलली. एक सागवानी चौरंग, एक देव्हारा आणि स्वयंपाकघरातील फडताळाची दारे एवढे काम त्यांच्यावर झाल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. माझे मत असे की आधी हत्यार पाहावे आणि मग दुकान ठरवावे. ज्या हत्याराचा दोष डोळ्याला व हाताला लगेच कळतो ते समोर पाहूनच घ्यावे, आणि ज्याचा कस पोलादात दडलेला असतो ते नावाजलेल्या उत्पादकाचे, जिथे मिळेल तिथून मागवावे.

गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे हत्यार, हे पहिल्या प्रकाराचे अगदी स्वच्छ उदाहरण आहे. सरळ कडेच्या प्लायवुडच्या तुकड्यावर गुण्या टेकवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. फाकल्या तर जेवढा फाक दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. लक्ष्मीपुरीत मी एकाच नमुन्याचे चार-पाच गुण्ये मागून ही परीक्षा काउंटरवरच केली. दुकानदार सुरुवातीला थोडे वैतागले, पण त्यांनी नाही म्हटले नाही, आणि त्यातील दोन गुण्येच बरोबर निघाले. ऑनलाइन खरेदीत ही निवड आपल्या हाती नसते. जो खोक्यात येईल तो घ्यावा लागतो किंवा परत पाठवावा लागतो.

लोखंडी रंध्याच्या बाबतीत हे अधिकच लागू होते. आज मिळणारा जवळपास प्रत्येक चार नंबरचा (नेहमीच्या वापराच्या आकाराचा) रंधा अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांच्या रचनेवर बेतलेला असतो, जिचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले. त्यामुळे स्वस्त आणि महाग रंध्यांतील फरक रचनेत फारसा नसून ओतकाम आणि त्यावरील घिसाईत असतो. मी ऑनलाइन घेतलेल्या रंध्याचा तळ तोंडाच्या, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीच्या, अगदी पुढे पोकळ होता. पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिले की फट स्पष्ट दिसे, आणि सागाची ढलपी पातळ व सलग निघण्याऐवजी तुटक निघे. तळाचे पुढचे टोक, तोंडालगतची कड आणि मागचे टोक एका पातळीत असले की रंधा चालतो. बाकी ठिकाणचा थोडा खोलगटपणा चालून जातो. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत संपल्याचे कारण दिले, म्हणून मी रंधा उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासणाऱ्या यंत्रावर, धरून घेतला. हे कोणी करणार असल्यास एक सांगतो : पाते आत ओढून, पण कामाच्या वेळी असते तेवढ्याच ताणाने बसवूनच तळ घासून घ्यावा, आणि कारागिराला रंधा शिकंज्यात फार आवळू देऊ नये. आवळल्यावर ओतकाम किंचित वाकते आणि सोडल्यावर पोकळी परत येते. ज्या शहरात दारोदारी फाउंड्री आहे तिथे चांगला रंधा बाहेरून मागवावा लागतो, हे मला अजूनही खटकते.

पटाशीचे, म्हणजे लाकूड कोरण्याच्या छिन्नीचे, गणित उलटे आहे. दुकानात पटाशी कितीही न्याहाळली तरी तिचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेली कठीणता, कसे आहे ते कळत नाही. सागाच्या लाकडात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते, आणि स्वस्त पटाश्या देव्हाऱ्याच्या एका बाजूची कुसवांची (सांध्यात बसणाऱ्या लाकडी जिभांची) भोके पाडेपर्यंत दुमडू लागल्या. त्यामुळे चेक प्रजासत्ताकातील नारेक्सच्या पटाश्या ऑनलाइन मागवल्या. त्यांची कठीणता उत्पादक ५९ रॉकवेल (पोलादाची कठीणता मोजण्याचे माप) सांगतो. २५ अंशांवर घासून टोकाला ३० अंशांची बारीक कड दिली की दिवसभराच्या कामात एकदा चामड्यावर फिरवून भागते. ते चामडे मात्र इथलेच आहे. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीच्या साली व हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा तुकडा चप्पल ओळीत सहज मिळतो. लाकडी फळीवर चिकटवून त्याला पॉलिशचा हिरवा साबण (धातू चकाकवण्याची घट्ट वडी) चोळला की बाहेरून चामडी पट्टा मागवण्याची गरज उरत नाही.

करवतीबाबत थोडक्यात. दातांची टोके निळसर-काळी असतील तर ती कठीण केलेली असतात आणि कानशीने धरत नाहीत. बोथट झाली की करवत टाकूनच द्यावी लागते. मी जुन्या बाजारातून घेतलेली गंजकी करवत तिकोनी कानशीने दातांना धार काढून, फाक देऊन (दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवून) आज सर्वांत जास्त वापरतो. अशी जुनी करवत घेताना पाते वाकवून सोडावे. ते सरळ परत आले नाही तर दर कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नये.

पावसाळ्यात इथे गंज हा खरा शत्रू आहे. त्यामुळे हत्यारांना शिवणयंत्राचे पातळ तेल लावतो. ऑनलाइन आलेल्या हत्यारांवरील कारखान्याचा थर आधी रॉकेलने पुसावा लागतो, नाहीतर सहाणीचा दगड माखून जातो. खतकश (कडेला समांतर रेघ ओढण्याचे हत्यार) अजून घ्यायचा आहे; तो लक्ष्मीपुरीतूनच, पट्टी सोबत नेऊन आणि दांडी ठोकळ्यात डुगडुगते का ते पाहून घेईन.