लॅपटॉपवर एडिटिंग: बाहेरची एसएसडी आठ महिने वापरल्यावर

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, एक जास्त वेगाचा थंडरबोल्ट ४ आणि दुसरा १० जीबीपीएसचा (सेकंदाला १० गिगाबिट). आठ महिन्यांपूर्वी जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क सोडून २ टीबीची १० जीबीपीएसवाली एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, घेतली.

हार्ड डिस्कवर तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन सारखी अडकायची. हिशेबात मात्र ते बसत नव्हतं. ४के फुटेज, प्रत्येक कॅमेरा १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट). आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तिन्ही मिळून सेकंदाला जेमतेम ३८ एमबी (मेगाबाइट). कॉपी करताना तीच डिस्क १२० द्यायची! खरी गोम हेडमध्ये, म्हणजे फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या भागात होती. तीन फायली एकदम वाचायच्या म्हटलं की ते इकडून तिकडे पळत राहतं आणि वेळ त्यातच जातो. एसएसडीत हेडच नसतं. पहिल्याच दिवसापासून मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) सुरळीत चालला.

कॉपीने मात्र घाम फोडला. ३०० जीबीला दोन तासांहून जास्त! ड्राइव्ह परतच करणार होतो, तेवढ्यात केबलकडे लक्ष गेलं. मी मोबाइलच्या चार्जरची लावली होती. तशा बऱ्याच केबल डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात, म्हणजे ४८० एमबीपीएस. ड्राइव्हच्या डब्यातली आखूड केबल लावली आणि तेच काम चौदा मिनिटांत झालं. टाइप-सी हा फक्त पिनेचा आकार, वेग त्यावरून कळत नाही. सुरुवातीला ९०० एमबीने लिहिणारी ही ड्राइव्ह शंभरेक जीबीनंतर ३०० वर येते आणि चांगलीच तापते, हेही सांगायला हवं.

मित्राची २० जीबीपीएसवाली ड्राइव्हही लावून पाहिली. वेग माझ्याइतकाच! तिचा जेन २x२ हा प्रकार बहुतेक थंडरबोल्ट ४ पोर्टना चालत नाही, ती १० वर उतरते. त्यामुळे आधी आपला पोर्ट बघा. ४के प्रोरेस ४२२ एचक्यू या जड एडिटिंग फॉरमॅटचा एक स्ट्रीम २५ फ्रेम्सला सेकंदाला साधारण ९२ एमबी खातो. तसे तीन स्ट्रीमही १० जीबीपीएसवर आरामात निघतात. महागडी थंडरबोल्ट ड्राइव्ह मी रॉ (कॅमेऱ्यातलं कच्चं, अवजड) फुटेजवाल्यांनाच सुचवेन.

एकदा हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडातून) लावलेली ड्राइव्ह एक्सपोर्ट चालू असताना सुटली. प्रोजेक्ट फाइलही तिच्यावरच होती, ती उघडेना. तेव्हापासून फुटेज बाहेर, प्रोजेक्ट आणि ऑटोसेव्ह लॅपटॉपमध्ये, आणि ड्राइव्ह थेट पोर्टलाच.