सिंकथिंग : कळमन्यातला मोबाइल, इतवारीतला पीसी, मध्ये कोणीच नाही

मोबाइलमधल्या फाइली पीसीवर आपोआप उतरल्या पाहिजेत आणि मधल्या मध्ये कुणा परक्याच्या सर्व्हरवर राहता कामा नयेत, एवढीच गरज असेल तर सिंकथिंग निवडा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या कामात लपवाछपवी नाही. मात्र बसवताना फोल्डरचा प्रकार चुकला, तर हेच सॉफ्टवेअर फोटो जपायच्या ऐवजी दोन्ही ठिकाणचे पुसून टाकतं. म्हणून या परीक्षणात सोयींपेक्षा मांडणीवर जास्त भर आहे.

नागपुरात याचा खरा उपयोग कुठे, हे आधी पाहू. कळमना मार्केटला माल उतरतो, दिवाणजी काटापावती आणि बिल्टीचा फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर इतवारीच्या पेढीत पाठवतो आणि तिथला माणूस तो डाउनलोड करून नोंद करतो. यात फोटो दाबला जातो, बारीक आकडे पुसट होतात, आणि चार महिन्यांनी वाद निघाला की तीच पावती सापडत नाही. सिंकथिंगमध्ये फोटो मूळ आकारात, मूळ नावाने पेढीवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. लग्नाचे फोटोग्राफर, सर्व्हेअर आणि हायकोर्टाच्या खंडपीठात कागदपत्रं स्कॅन करणारे वकिलांचे कारकून यांचीही गरज हीच आहे.

पीसीवर बसवणं सोपं. विंडोज १० किंवा ११ हवं. विंडोज ७ वर नव्या आवृत्त्या चालत नाहीत, त्यामुळे दुकानातला जुना पीसी असेल तर विषय तिथेच संपतो. मूळ डाउनलोड ही नुसती झिप फाइल असते. तिच्यातला प्रोग्राम उघडला की काळी खिडकी येते आणि खिडकी बंद केली की काम थांबतं. त्यापेक्षा ‘सिंकथिंग विंडोज सेटअप’ घ्या. ते लॉगिनबरोबर आपोआप सुरू व्हायची सोय करतं आणि फायरवॉलचा नियमही घालून देतं. पुढची सगळी मांडणी ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर होते. पहिलं काम म्हणजे सेटिंग्जमध्ये या पानाला पासवर्ड लावणं. पेढीवरचा पीसी चार जण वापरतात.

अँड्रॉइडवर थोडं जपून. मूळ चमूने आपलं अँड्रॉइड अ‍ॅप बंद केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं जाहीर झालं आणि डिसेंबर २०२४ ची आवृत्ती शेवटची ठरली. गूगल प्लेवर अ‍ॅप टिकवण्याची कटकट आणि देखभालीला माणूसबळ नसणं, ही कारणं. जुनं अ‍ॅप अजून चालत असेल तरी त्यावर नवं काही उभारू नका. आता वापरायचं ते ‘सिंकथिंग-फोर्क’, मुक्त स्रोत अ‍ॅपच्या एफ-ड्रॉइड या भांडारातून. ते वेगळे स्वयंसेवक सांभाळतात, म्हणून कुठल्याही अनोळखी साइटवरून त्याची एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) उचलू नका.

अ‍ॅप उघडल्यावर ते सगळ्या फाइलींची परवानगी मागतं, ती द्यावीच लागते. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून अ‍ॅप वगळा. शाओमी, रिअलमी, व्हिवो अशा फोनांवर ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगी असते, तीही चालू करा. “दोन दिवस चाललं, मग बंद पडलं” या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. फोन अ‍ॅपला झोपवतो आणि दोष सिंकथिंगच्या माथी जातो. ठरावीक वायफायवरच सिंक व्हावं अशी अट घातली असेल, तर लोकेशनची परवानगी द्या आणि लोकेशन चालूही ठेवा. त्याशिवाय अँड्रॉइड अ‍ॅपला वायफायचं नाव कळूच देत नाही.

जोडणी अशी. पीसीवर ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘शो आयडी’ दाबलं की क्यूआर कोड येतो, तो मोबाइलने स्कॅन करायचा. आयडी ५६ अक्षरांचा असतो. हाताने टाइप करत बसू नका. थोड्या वेळात पीसीवर नवं उपकरण जोडायचं का, अशी विचारणा येते, तिला होकार द्या. मग मोबाइलवर फोल्डर निवडा. अख्खी मेमरी नको, फक्त डीसीआयएममधला ‘कॅमेरा’. ते पीसीबरोबर शेअर केलं की पीसी जागा विचारतो. इथे डी ड्राइव्हवर साधं फोल्डर द्या. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स नको, कारण विंडोजमध्ये ही दोन्ही अनेकदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतात आणि एकाच फोल्डरवर दोन सिंक चालले की गोंधळ अटळ.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. नवं फोल्डर मुळात ‘सेंड अँड रिसीव्ह’ प्रकारचं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बदल जातात, आणि पुसणं हाही बदलच. पेढीवर कुणी जागा साफ केली की दिवाणजीच्या मोबाइलमधल्या पावत्याही गेल्या. म्हणून मोबाइलवर फोल्डर ‘सेंड ओन्ली’ करा, पीसीवर ‘रिसीव्ह ओन्ली’. तरी मोबाइलवरून पुसलेलं पीसीवरून पुसलं जाणारच, आणि मोबाइल भरला की फोटो उडवायची सवय सगळ्यांनाच असते. त्यासाठी पीसीवरच्या फोल्डरला ‘फाइल व्हर्जनिंग’, म्हणजे पुसलेल्या-बदललेल्या फाइलींच्या जुन्या प्रती राखायची सोय, लावा. पावत्या-फोटोंना ‘ट्रॅश कॅन’ पुरतं. त्यात साफसफाईचे दिवस शून्य ठेवले तर पुसलेली फाइल कायम राहते. रोज बदलणाऱ्या एक्सेलसाठी ‘स्टॅगर्ड’ चांगलं, ते पहिल्या दिवसाच्या तासागणिक आणि महिन्याच्या दिवसागणिक प्रती राखतं. एक बारकावा पक्का लक्षात ठेवा : व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या उपकरणाकडून आलेल्या बदलांना लागू होतं. त्याच पीसीवर कुणी हाताने फाइल पुसली, तर तिची प्रत राहत नाही.

‘रिसीव्ह ओन्ली’ फोल्डरमध्ये पीसीवर काही हलवलं, नाव बदललं, तर ‘रीव्हर्ट लोकल चेंजेस’ असं लाल बटण दिसू लागतं. ते दाबलं की पीसीवर नव्याने ठेवलेल्या फाइली उडतात. त्या बटणाला हात लावू नका. फाइलींची मांडामांड करायची असेल तर फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे करा.

टॅलीचं चालू डेटा फोल्डर सिंकला लावायचा मोह अनेकांना होतो. लावू नका. प्रोग्राम उघडा असताना त्याच्या फाइली अर्ध्या बदललेल्या असतात आणि सिंकथिंग त्या एकेक करून उचलतं. पलीकडे पोचतो तो जुळत नसलेला तुकड्यांचा ढीग. टॅलीतून बॅकअप घ्या आणि त्या बॅकअपचं फोल्डर सिंक करा.

उपकरण ‘डिस्कनेक्टेड’ दिसतंय, ही सर्वांत जास्त भेटणारी अडचण. एकाच वायफायवर असूनही असं होत असेल, तर आधी विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का पाहा आणि ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉलमध्ये २२००० (टीसीपी आणि यूडीपी दोन्ही) आणि शोधासाठी २१०२७ (यूडीपी) हे पोर्ट मोकळे हवेत. मग राउटर : मोबाइल गेस्ट वायफायवर असेल, किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल, तर एका छपराखालची दोन उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. एवढं करूनही जमत नसेल तर राउटरमध्ये पीसीला कायमचा आयपी बांधून द्या आणि मोबाइलवर त्या उपकरणाच्या पत्त्यात ‘डायनॅमिक’ शब्दासोबत तो आयपी आणि २२००० पोर्ट लिहा.

कळमना ते इतवारी हा प्रकार वेगळा. तिथे मोबाइल डेटावर आहे, आणि अ‍ॅप मुळात फक्त वायफायवर चालतं. अ‍ॅपच्या सेटिंग्जमधल्या ‘रन कंडिशन्स’मध्ये मोबाइल डेटा चालू करावा लागतो. त्यात मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात, त्यामुळे थेट जोडणी दर वेळी जमेल असं नाही. मग सिंकथिंग स्वयंसेवकांच्या रिले सर्व्हरमार्फत, म्हणजे न साठवता पुढे ढकलणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत, फाइल पाठवतं. मजकूर एन्क्रिप्ट असल्याने रिलेवाल्याला काही वाचता येत नाही, पण वेग मंदावतो. पावत्यांना तो पुरतो, लग्नाच्या व्हिडिओंना मुळीच नाही. पेढीच्या ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत असेल तर राउटरवर २२००० पोर्ट पीसीकडे वळवा. एक बाजू मोकळी असली तरी थेट जोडणी होते.

मध्ये साठवणारा सर्व्हर नाही, याची किंमत एकच : दोन्ही उपकरणं एकाच वेळी जागी हवीत. पीसी अर्ध्या तासाने झोपत असेल तर पॉवर सेटिंगमध्ये ते बंद करा. लाइन गेली तर अर्धवट उतरलेली फाइल वाया जात नाही. तात्पुरत्या रूपात ती २४ तास राहते आणि काम तिथूनच पुढे चालू होतं. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्या, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो.

उन्हाळ्याचा मुद्दा नागपुरात गंभीरपणे घ्यावा लागतो. पहिल्या वेळी सिंकथिंग प्रत्येक फाइल वाचून तिचा हॅश (मजकुरावरून ठरणारा ओळख-आकडा) काढतं. मोबाइलमध्ये ४०-५० जीबी फोटो असतील तर तेवढा वेळ प्रोसेसर राबतो. अ‍ॅपलने आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे. मेअखेरच्या नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. चार्जिंग, हॅशिंग आणि भरदुपार एकत्र आली की फोन तापतो आणि चार्जिंग आपोआप मंदावतं. पहिलं सिंक रात्री, कूलरच्या खोलीत लावा. नंतरचा भार किरकोळ असतो.

नावांची भानगड वेगळीच. काही रेकॉर्डिंग अ‍ॅप फाइलीच्या नावात वेळ लिहिताना कोलन घालतात. काही अँड्रॉइड फोनांना ते चालतं, विंडोजला कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन यातलं काही चालत नाही. एवढ्यावरून फोल्डर ‘आउट ऑफ सिंक’ राहतं. ‘फेल्ड आयटम्स’ उघडा, नाव दिसेल, मोबाइलवर बदला. ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असा संदेश आला तर मात्र घाई नको. प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपवलेली खूण असते. क्लीनर अ‍ॅप तिला फालतू समजून पुसतं, किंवा यूएसबी डिस्क काढलेली असते. खूण दिसली नाही की सिंकथिंग थांबतं, आणि हे थांबणं तुमच्याच हिताचं आहे. नाहीतर रिकामं फोल्डर पाहून “सगळं पुसलं” असं ते पलीकडे कळवेल. डिस्क जोडली आहे आणि फाइली जागेवर आहेत, याची खात्री झाल्यावरच खूण पुन्हा तयार करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये २.० आवृत्ती आली आणि आतला डेटाबेस (फाइलींची नोंदवही) एसक्यूलाइट या प्रणालीवर गेला. जुन्यावरून चढताना पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागतो, मोठी फोल्डरं असतील तर आणखीच. अडकलं समजून मध्येच बंद करू नका.

फक्त नोटिफिकेशन, क्लिपबोर्ड किंवा एखादी फाइल इकडून तिकडे करायची असेल तर याचा खटाटोप नको, केडीई कनेक्ट घ्या. आयफोनवाल्यांनीही यात पडू नये. आयओएस अ‍ॅपला पार्श्वभूमीत मनासारखं चालू देत नाही आणि सिंक रेंगाळतं.

बसवून झालं की त्याच दिवशी एक चाचणी घ्या. मोबाइलवर एक बिनकामाचा फोटो काढा, पीसीवर आला का पाहा, मग मोबाइलवरून पुसा. मिनिटभरात तो पीसीवरूनही जाईल. आता एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करून त्याच फोल्डरमधलं लपवलेलं व्हर्जन्सचं फोल्डर उघडा. फोटो तिथे सापडला पाहिजे. सापडला नाही तर व्हर्जनिंग लागलेलं नाही. ते दुरुस्त होईपर्यंत दिवाणजीला मोबाइलवरची एकही पावती पुसू देऊ नका.