पहिली स्पोर्ट्स कार: मियाटा की मस्टँग जीटी?

भारतात स्विफ्टवर हात बसलेला, अमेरिकेत चांगली नोकरी लागलेली, आणि आता सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. अशा माणसासमोर बहुधा माझदा मियाटा आणि फोर्ड मस्टँग जीटी या दोन गाड्या येतात. दोन्ही मॅन्युअल मिळतात, दोन्हींची ताकद मागच्या चाकांवर जाते. बाकी साम्य फारसं नाही.

माझदा मियाटा २०१९ पासून १८१ अश्वशक्तीची आहे, वजन साधारण १,०६० किलो. २०१८ ते २०२१ च्या मस्टँग जीटीत पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४६० अश्वशक्ती आणि १,७०० किलोच्या आसपास वजन.

अडचण सवयीची आहे. स्विफ्टला पुढची चाकं ओढतात. वळणावर वेग जास्त झाला की आपण घाबरून पाय उचलतो आणि गाडी बहुतेक वेळा सावरते. मस्टँगमध्ये ओल्या चौकात डावीकडे वळताना गॅस जरा जास्त दाबला की मागची चाकं घसरतात. तिथे एकदम पाय उचलला तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होते, आणि मागच्या चाकांना अचानक पकड परत मिळाली, पण सावरायला उलटं फिरवलेलं स्टिअरिंग वेळेत सरळ झालं नाही तर गाडी दुसऱ्या बाजूला झटका मारून फुटपाथवर चढते. यूट्यूबवर अशा क्लिपा ढिगाने आहेत. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरण आवरणारी यंत्रणा) बरंच सांभाळतं, पण ते बंद करायचं बटण हाताशीच असतं. त्यात समर टायर असतील तर ७ अंशांखाली रबर कडक होऊन पकड आणखी घटते.

मियाटाही घसरते. पण कोरड्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गॅस पूर्ण दाबता येतो, आणि चूक झालीच तर ती कमी वेगात, आधी जाणवून होते. शिकायला हीच गाडी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मस्टँगच्या बाजूनेही बोलायला हवं. लांबच्या हायवेवर ती आरामशीर आहे आणि डिकी कामाची आहे. अवजड पिकअपशी टक्कर झाली तर जास्त वजन आपल्या बाजूने असतं. मियाटाची ही खरी उणीव. उंच माणसाला ती अंगावर घट्टही होते. मस्टँगला मागची सीट आहे, पण तिथे सासूबाईंना बसवायचं धाडस मी करणार नाही.

तडजोड म्हणून चार सिलिंडरची इकोबूस्ट मस्टँग सुचवली जाते. तिचीही ताकद तीनशेच्या वर आहे, म्हणून मला ते पटत नाही.

विम्याचा आकडा मात्र गाडी पसंत करण्याआधीच मागवा. वय पंचविशीच्या आत असेल तर तोच निर्णय करून टाकेल. मस्टँगच घेणार असाल तर एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ऑटोक्रॉसला जा. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडलेले असतात आणि समोरून कोणी येत नाही. ट्रॅकवर नेण्याआधी पॉलिसी नीट वाचा, नेहमीच्या विम्यात ते सहसा धरत नाहीत.

घरात लहान मूल असेल तर दोनच सीटची मियाटा बाद. मग २२८ अश्वशक्तीची टोयोटा जीआर८६ बघा. मागची सीट तिलाही नावापुरतीच, तेव्हा चाइल्ड सीट बरोबर नेऊन आधी बसवून पाहा.