केसॅन आणि केसीसॅन : कर्नलवाल्यांनी वापरायलाच हवं

नाशकात अंबडला आमच्या ऑफिसात लिनक्स कर्नलच्या सिक्युरिटी मॉड्यूलवर काम चालतं, तिथे केसॅनने (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल) खरंच जीव वाचवलाय. एक थ्रेड पॉलिसी वाचतोय तेवढ्यात दुसरा ती बदलून जुनीची मेमरी लगेच केफ्री करायचा (म्हणजे सोडून द्यायचा), मशीन मधूनच कधीतरी पॅनिक व्हायचं (कर्नलच कोसळायचं), आणि शोधायला प्रिंटके (लॉगमध्ये मेसेज छापणारी ओळ) टाकलं की टायमिंग बदलून बग गायब! केसॅन चालू केलं तर सरळ स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी परत वापरली), मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, दोन्हीचे स्टॅक ट्रेस समोर. केफ्री-आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत थांबून मग मेमरी सोडणारं) लावलं, विषय संपला.

केसॅनच्या जेनेरिक मोडला दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (कुठली मेमरी वापरायला चालते याचा हिशोब) जाते, स्पीडही चांगलाच पडतो, म्हणून टेस्टिंगलाच ठेवा.

दुसरं टूल केसीसॅन (KCSAN) कर्नल ५.८ पासून आलंय, डेटा रेस (दोन थ्रेड एकाच वेळी तोच डेटा धरतात, त्यात एक तरी बदलत असतो) पकडतं, पण रिपोर्ट भरपूर येतात, निवडत बसावं लागतं. आणि प्लीज, जिथे तिथे रीड-वन्स (व्हॅल्यू एकदाच वाच असं कंपायलरला सांगणारा मॅक्रो) चिकटवून त्याला गप्प करू नका, लॉक हवंय का ते आधी बघा. डर्टी काऊ हा लिनक्सचा गाजलेला सिक्युरिटी बग २०१६ ला उघड झाला, तोही रेसच होता आणि २००७ पासून कर्नलमध्ये बसलेला.

दोन्ही फुकट, कर्नलच्या सोर्समध्येच आहेत, फक्त एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, वेगवेगळे बिल्ड करा.